दप्तरावरची पट्टी

पाठीवर सॅक टाकून परदेशात पायी हिंडण्याची हौस आता लातूरपर्यंत पोचली आहे. या हौसेत वाट, मुक्काम, जेवण आणि थक्क होण्याची ठिकाणे आधीच छापून मिळतात. पुढे वाटाड्या शिट्टी वाजवतो, मागे एकजण डोकी मोजतो, आणि माणूस आपण जग पाहिले अशा समजुतीत घरी येतो. २०१७च्या मे महिन्यात एका कोचिंग क्लासने शिक्षक आणि पालकांची अशी एक तुकडी नेपाळला नेली. जिलानी त्या तुकडीतून गेले. मीही गेलो होतो.

जिलानींना क्लासच्या गल्लीत सगळे सॅकवाले चाचा म्हणतात. १९९३पर्यंत ते औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शिंपीकाम करीत. भूकंपात त्यांची पत्नी दिलशाद दगडमातीच्या भिंतीखाली गेली. सहा वर्षांची उमैमा वाचली. बापलेक पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले आणि शहरांतून बसगाड्या येऊ लागल्या. लोक उतरत, ढिगारे पाहत, तुमचे किती गेले असे विचारत, काहीतरी वाटत आणि दिवस मावळायच्या आत परतत.

एका गाडीने उमैमाला दप्तर दिले. फोटो नीट आला नाही म्हणून ते तिच्या हातून काढून पुन्हा दिले. दुसऱ्या वेळी देणाऱ्या बाईंचा पदर मध्ये आला. तिसऱ्या वेळी उमैमाने, कोणी न सांगता, दप्तरावरचे संस्थेचे नाव पुढे केले, दप्तर छातीशी धरले आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. आई गेलेल्या पोरीला समाज म्हणून आपण दिलेला पहिला धडा हा होता. ते दप्तर तिने शाळेत कधीच नेले नाही.

पुढे जिलानी लातूरला आले आणि सॅक शिवू लागले. क्लास वाढले, गावोगावची मुले आली, त्यांच्या पाठीवरची पुस्तके जड होत गेली. जिलानी सॅकच्या खांद्यावरच्या बंदाला आतून दुहेरी गादी लावीत. कोणत्या विषयाच्या नोट्सनी कोणती शिवण आधी फाटते हे त्यांना पाठ होते. उमैमा नर्स झाली, उदगीरला नोकरीला लागली.

नेपाळच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या दिवसापुढे छापले होते : ‘भूकंपग्रस्त गाव, दोन तास’. तिथल्या मुलांसाठी पंचवीस दप्तरे हवी होती. क्लासचे व्यवस्थापक श्रीमंत यांनी ते काम जिलानींना सांगितले. जिलानींनी मजुरी नाकारली. मला सोबत न्या, पोरांच्या हातात दप्तर मी देईन, एवढीच त्यांची अट होती. आपल्या लेकीला जसे कोणी दिले नाही, तसे एकदा द्यायचे होते. श्रीमंतांनी अट तत्काळ मानली; ओझे उचलायला एक माणूस वाढत होता.

क्लासच्या नावाची लाल पट्टी जिलानींनी स्वतः शिवली. डोंगरातल्या पावसात निघू नये म्हणून नायलॉनच्या दोऱ्याने, चारी बाजूंनी, दोनदा. चांगल्या कारागिराला वाईट शिवता येत नाही. त्यांची चूक इतकीच.

पाच दिवस आम्ही चहा पांचट असल्याची तक्रार करीत चाललो. साठी उलटलेले जिलानी एकात एक घातलेली दप्तरे पाठीवर घेऊन गुमान चालले. सहाव्या दिवशी गाव आले. पत्र्याची शाळा, दोन बांबूंमध्ये आमच्या क्लासचा फलक, आणि त्याखाली उन्हाकडे तोंड करून उभी केलेली मुले.

पहिली मुलगी आठेक वर्षांची होती. जिलानींनी दप्तर तिच्या हातात दिले. तिने ते वळवले, लाल पट्टी पुढे आणली, छातीशी धरले आणि आमच्या मोबाईलकडे पाहिले. तिला कोणी काही सांगितले नव्हते. तिथल्या भूकंपानंतरच्या दोन वर्षांत तिच्याकडेही अशा तुकड्या येऊन गेल्या होत्या.

फलकावर ऊन चमकत होते. श्रीमंत म्हणाले, “चाचा, ते वापस घ्या आन् जरा डाव्या अंगानं परत द्या.”

“दिलेलं वापस घ्यायला आलो न्हाई मी.”

“दोन मिन्टाचं काम हाय. लेकरांला काय कळतंय?”

“तिला समदं कळतंय, सर. तुमी सांगायच्या आधीच हुबी राहिली ती. माझी पोरगी अशीच हुबी राहिली होती. तवा मी गप बसलो.”

मग त्यांनी मुलांना सावलीत बसवले, खिशातले ब्लेड काढले आणि उरलेल्या चोवीस दप्तरांच्या पट्ट्या उसवायला बसले. त्यांची स्वतःचीच शिवण त्यांना दाद देईना. बोटे कापली. आमच्यापैकी एका पालकाने, म्हातारा आपली सहल खराब करतोय, असे बोलून दाखवले. कोणी त्याला अडवले नाही. मीही नाही. दोन तास संपले, शिट्टी वाजली, मागे राहणाऱ्याची जबाबदारी सहल नेणाऱ्या कंपनीवर नाही असे श्रीमंतांनी बजावले आणि आम्ही पुढच्या मुक्कामाला निघालो, कारण तिथले जेवण ठरलेल्या वेळी होते.

जिलानी दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या एका माणसासोबत आम्हाला येऊन मिळाले. सगळी वाटून झाली, एवढेच त्यांनी सांगितले. रांग लावली नव्हती.

जूनमध्ये क्लासने चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यावर लाल पट्टी छातीशी धरलेली तीच मुलगी आहे, आणि मागे, दुसऱ्या फोटोतून कापून लावलेले, आम्ही सगळे हसत उभे आहोत. दातृत्वाच्या त्या चित्रात माझा चेहरा स्पष्ट ओळखू येतो.

नव्या प्रवेशांसाठी श्रीमंत पाचशे सॅकची ऑर्डर घेऊन दुकानात आले, तेव्हा मी तिथे बसलो होतो. जिलानी म्हणाले, नाव आतून शिवीन.

“आतून कुणाला दिसणार, चाचा?”

“ज्याची सॅक हाय, त्याला.”

ऑर्डर दुसरीकडे गेली. जिलानींनी मशीनच्या खणातून लाल पट्ट्यांची गठडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि मोजायला सांगितले. चोवीस भरल्या.

“तिची तेवढी ऱ्हायली,” ते म्हणाले. “दिलेलं कसं मागावं?”

दुकानासमोरच तो फ्लेक्स आहे. मशीनवर बसले की तो दिसतो, म्हणून जिलानींनी मशीन फिरवून भिंतीकडे तोंड करून मांडले आहे.