मुराळी दोघींसाठी आला होता

आज मी दोन ओळी धड लिहू शकते ती इंगाताईंमुळे. हे आधी सांगून टाकते. पुढचं सांगताना मला अजून मळमळतं, आणि रागाच्या भरात त्यांचं नाव मागे राहायला नको.

धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात मी भाकऱ्या थापायला होते. तिथे त्या नॉर्वेहून मराठी शिकायला आल्या. शाळेत इंग्रजी शिकवायचं, बदल्यात खोली आणि जेवण. उंच अंगकाठी, उन्हानं सोललेलं नाक, लुगडं नेसायची हौस, आणि ते सुटेल या भीतीनं कमरेला करकचून बांधलेली सुतळी. त्या सुतळीला एक वही लटकलेली. नवा शब्द कानी पडला की तो वहीत जायचा आणि त्याच्यापुढे देणाऱ्याचं नाव. 'उलथणं – जिजा.' 'कंटाळा – पोस्टमन.' मी हसले तर म्हणाल्या, "शब्द दुसऱ्याचा. मग नाव नको?"

मी दुसरीतून शाळा सोडलेली. माझं नाव त्यांच्या वहीत पानोपानी दिसायचं. तेच बघत मी पुन्हा अक्षरं लावू लागले. चुलीपुढे बसून मी त्यांना आमची बोली द्यायची, त्या मला बाराखडी. भाकरी करपली की मला वाटायचं, आता नोकरी जाते. त्या करपलेली आपल्या ताटात ओढून घेत आणि सगळं चांगलं आहे, हे माझ्याच बोलीत म्हणत, "बठ्ठं चांगलं शे, जिजा."

त्या वर्षी परदेशी लोकांचे नियम बदलले. भाषा शिकायला आलेल्यानं शाळेत शिकवायचं नाही, आणि जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी पोलिसांत कळवायचं. तसा कागद शाळेत आला. हेडमास्तरांनी तो टेबलाच्या खणात टाकला. परीक्षा तोंडावर होती, फुकटात इंग्रजी शिकवणारी दुसरी बाई कुठून आणणार? हे आम्हाला शाळेच्या शिपाईनानांनी सांगितलं, पण फार उशिरा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझा भाऊ दगडू चोपड्याकडच्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आला, तो बांगड्यांचे दोन जोड घेऊन.

"माय म्हनस, दोन्ही पोरीस्ले लई ये." दोघींना, म्हणजे मला आणि इंगाताईंना, घेऊन ये, असा मायचा निरोप.

इंगाताईंनी विचारलं, "कुणाला विचारायला हवं का?"

मीच हसले. "माहेरी जायला कसली परवानगी, ताई?"

"मुराळी रिकामा गया ते गाव हासी," दगडूनं ठसक्यात सांगितलं.

चार दिवस राहिलो. निंबाच्या झोक्यावर इंगाताई गावातल्या पोरींपेक्षा उंच गेल्या. माय त्यांच्या डोक्यावर तेल थापत बडबडायची, "सोनाना केस शेतस, पन तेलना थेंब नही!" निघताना तिनं सांजोऱ्यांचा डबा दिला. तो हेडमास्तरांना द्यायचा, हे इंगाताईंनीच ठरवलं.

हेडमास्तरांनी उभ्या उभ्या चार खाल्ल्या, बोटं चाटली. "वा! बाईंना माहेर मिळालं म्हणायचं! कुठलं गाव? किती दिवस होता?" इंगाताईंनी कौतुकानं सगळं सांगितलं. आठवड्यानं पोलीस कचेरीतून बोलावणं आलं. परीक्षा संपली होती; आपल्या अंगावर येऊ नये म्हणून हेडमास्तरांनी त्याच तुपकट बोटांनी सगळं वर लिहून कळवलं होतं. वर ही थापही की, नवा नियम बाईंना वाचून दाखवला होता.

मी बरोबर गेले. हेडमास्तर आधीच येऊन साहेबांशेजारी बसलेले.

"चोपड्याकडे कोण आहे तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"माहेर."

सगळी कचेरी हसली. "पासपोर्टावर तर नॉर्वे आहे, बाई! मराठी कोण शिकवतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे हात केला. "ही माझी शिक्षिका."

"शिक्षण?"

"दुसरी," मी म्हणाले. पुन्हा हसू. एक कारकून पान थुंकायला म्हणून उठला, तोही दारात थांबून हसून गेला.

"मग जिल्ह्याबाहेर नेलं कुणी तुम्हाला?"

हेडमास्तर माझ्याकडेच बघत होते. नोकरी गेली तर जायचं कुठे?

"मी माझी गेले," इंगाताई म्हणाल्या.

आणि मी गप्प राहिले. हेडमास्तरांची किळस येते, पण त्या गप्प बसण्याची त्याहून जास्त येते.

इंगाताईंच्या इथे राहण्याची मुदत वाढली नाही. हेडमास्तरांनी निरोपाचा समारंभ केला, हार घातला, भाषणात रुमालानं डोळे टिपले. मी मागच्या दारी जाऊन खरोखर ओकले.

स्टेशनवर चाळीसगावची गाडी सुटायच्या आधी त्यांनी वहीचं शेवटचं पान दाखवलं. 'माहेर – जिजा.' मायच्या बांगड्या त्यांच्या हातात होत्या.

आता मी घरापासून लांब, नागपुरात एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. परदेशी पाहुण्याला बोलवायचा अर्ज आणून ठेवलाय. अजून भरलेला नाही. पण भरीन. इंगाताई, एका आखाजीला दगडू तुम्हाला न्यायला मुंबईच्या बंदरावर उभा असेल. या वेळी परवानगी आधी काढीन, आणि 'बोलावणाऱ्याचं नाव' विचारलंय तिथे, त्या दिवशी गिळलेलं माझं नाव माझ्या अक्षरात लिहीन.