पेंट शॉपचा सूट आणि उरलेला डोळा

बाबांचा डावा डोळा तरुणपणीच ग्राइंडिंगची ठिणगी उडून गेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला आणि नेमका तेव्हाच कोरोना आला. मास्क घातलेली माणसं बाबा आवाजावरून ओळखायचे. माझा त्यात फायदाच होता. माझा मास्क कायम नाकाखाली घसरलेला असायचा आणि त्यांना पत्ताही नसायचा. नाहीतर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी बघते तर हा गडी त्यांच्या चाकणच्या कंपनीतला पेंट शॉपचा जुना पांढरा सूट चढवून तयार. डोक्याला टोपडं, डोळ्यांवर गॉगल.

"बाबा, गाड्या रंगवायला निघालात का?"

"इन्फेक्शन झालं तर डोळा कुठनं आनू? स्पेअरचा आधीच गेलाय न्हवं."

भीती मलाही तीच होती.

चिंचवडच्या हॉस्पिटलात वॉचमननं त्यांना कडक सलाम ठोकून आत सोडलं आणि मला मात्र रांगेत उभं केलं. आत पोचले तेव्हा बाबांभोवती पेशंटांचा घोळका जमला होता. एक आजी विचारत होती, "डॉक्टर, चा घेतला तर चालंल का?" समोर आजी आहे की आजोबा हेही ज्यांना दिसत नव्हतं, ते बाबा ऐटीत सांगत होते, "अर्धा कप घ्या."

तेवढ्यात सिस्टर धावत आली. "काका, आधी ते काढा! बाहेरची सगळी धूळ आत आणताय!"

सूट उतरला आणि बनियनवर उभे असलेले बाबा एकदम बारीक दिसायला लागले. सिस्टरनं त्यांना गाऊन घातला, नवा मास्क लावला आणि त्याची वरची कड नाकावर चिकटपट्टीनं बंद केली. "श्वास वर डोळ्याकडे जायला नको. आणि आत एक शब्दही बोलायचा नाही." बाबांचं तोंड बंद करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी मी पेढे वाटले असते. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. "काका, काय दिसतंय?"

बाबा माझ्याकडे वळले. डोळा बारीक करून नुसते बघत राहिले.

"मास्क वर घे," ते खेकसले. "सगळं नाक दिसतंय."

मी मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला. निदान रडलेलं तरी त्यांना दिसू नये.