लीड्सचे रेडिएटर आणि हेमचंद्रकाकांचा कान

हेमचंद्र दातीर आपल्या लेकीशी बोलत नाहीत, अशी बातमी २००५च्या डिसेंबरात सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या मराठी घरांतून फिरली. बातमीचा उगम नवव्या मजल्यावरचा. संजीवनीकाकू दातीरांकडे डबा परत करायला गेल्या, तर काका सोफ्यावर डोळे मिटून बसलेले, फोन कानाला, आणि वीस मिनिटं तोंडातून एक शब्द नाही. पलीकडून राधिकाचा आवाज दारापर्यंत येत होता, "बाबा? बाबा, आहात ना?"

"अगं, ती पोरगी तिकडे तीन आठवड्यांचं बाळ घेऊन कासावीस, नि हे आपले ढिम्म!" संजीवनीकाकू 'ढिम्म'वर असा काही जोर द्यायच्या, की समोरच्या बशीतल्या चकल्या हलायच्या.

काका राधिकाचं ऐकत नव्हते, एवढं मात्र खरं. ते तिच्या घरातल्या रेडिएटरचं ऐकत होते.

काकांच्या बायकोकडे, स्मिताकाकूंकडे, मी गणिताच्या ट्यूशनला जायचे, म्हणून हे सगळं मी समोर बसून पाहिलं. राधिका आणि तिचा नवरा सौमित्र इंग्लंडात, लीड्सला राहायचे. तिकडच्या घरांत स्वयंपाकघरातला बॉयलर पाणी तापवतो, आणि एक पंप ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी पत्र्यांत फिरवतो. ते पत्रे म्हणजे रेडिएटर. राधिकाकडे खालचा हॉल भट्टीसारखा तापत होता आणि वर बाळाची खोली चौदा अंशांवर अडून बसली होती. दुरुस्तीवाला नाताळच्या सुट्टीमुळे थेट गुरुवारी येणार होता. आज रविवार.

काकांनी जन्मात रेडिएटर पाहिलेला नव्हता. तीस वर्षं त्यांनी गारव्याची नोकरी केली. एका ऑफिस टॉवरच्या तळघरातून चौतीस मजल्यांना एअरकॉनचं थंड पाणी पोचवणारे पंप त्यांच्या ताब्यात होते. "आं, पाणी फिरतंय तोवर मला कुत्रं विचारत नाही," ते सांगायचे. "थांबलं, की चौतीस मजल्यांना माझा नंबर पाठ, आं?" त्यांचं प्रत्येक वाक्य 'आं'ने सुरू व्हायचं आणि 'आं'वरच टेकायचं.

आदल्या दिवशी त्यांना वाटलं होतं, वरच्या नळ्यांत हवा अडकली असेल. त्यांनी राधिकाला किल्लीने रेडिएटरचं तोंड सैल करायला लावलं. हवा आलीच नाही, सरळ पाण्याची चिळकांडी तिच्या गाउनवर. तेव्हा आता काका अडकले होते. अंदाजाने काही सांगावं, त्यात बॉयलरच बंद पडावा, आणि बाळाला आहे तो खालचा हॉलही जावा, ही त्यांना धास्ती होती. नात अजून त्यांनी फोटोतच पाहिली होती.

"आं, फोन हॉलमधल्या नळीला लाव, मग एकेक करत वरपर्यंत ने," त्यांनी सांगितलं आणि डोळे मिटले. मग पुढची. मग जिन्याखालची. मग वर, बाळाच्या खोलीत. वीस मिनिटं हेच.

मग डोळे उघडून म्हणाले, "खाली पाणी सळसळतंय. वर मुकं. म्हणजे पंप ठणठणीत आहे, आं. पाणी निघतंय, पण वर पोचत नाही. गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी कशाला हात लावला?"

मग जावयाचा बारीक आवाज. "बाबा, ते… बारशाआधी हॉल रंगवला."

"रेडिएटर काढून?"

"तीन काढले. मागची भिंत जुन्या रंगाची राहिली असती. पाहुणे येणार होते ना."

"परत लावल्यावर टोपीखालचा पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडलास?"

"पूर्ण! बाळाला चांगली ऊब मिळावी म्हणून."

स्मिताकाकूंनी कपाळाला हात लावला. काका मात्र खूश झाले. "आं! म्हणजे पंगतीतल्या पहिल्या तिघांनीच भात संपवला. शेवटच्या पानापर्यंत वाढपी पोचणार कसा? सौमित्र, पान्याने ते तिन्ही व्हॉल्व्ह बंद कर. मग प्रत्येकी फक्त पाव फेरा उघड. जास्त नाही. हात शिवशिवले तर खिशात घाल, आं?"

"पण बाबा, खालचं गार पडलं तर?" राधिका मधेच म्हणाली.

काका म्हणाले, "पडलं, तर पुन्हा उघडता येतं. मी फोनजवळच आहे."

फोन ठेवला तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते. काकूंनी पोहे टाकले. काका रिमोट हातात घेऊन बसले, पण टीव्ही लावलाच नाही.

मला राहवेना. मी म्हटलं, "अंकल, आज वरची खोली तापणार? कॅनॉट लाह, शक्यच नाही."

"पैज?" काका म्हणाले. "साडेपाचच्या आत वरच्या रेडिएटरवर हात ठेववणार नाही, इतका तापेल. हरलो तर तुझा आठवड्याचा सगळा होमवर्क मी करतो. काकूच्या देखत."

"आणि मी हरले तर?"

"तू लिफ्टमध्ये माझी नक्कल करतेस म्हणे. ती इथे, माझ्यासमोर, आं?"

मला वाटलं होतं, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. काकांनी उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून कानापासून लांब धरला. राधिका हसत होती की रडत होती कळत नव्हतं. "बाबा, वर चटका बसतोय! खालचंही गरम आहे. तिला आत्ता तिच्या खोलीत निजवलं."

काका नुसती मान हलवत राहिले, आणि स्वयंपाकघराच्या दारात काकू झारा हातात तसाच धरून उभ्या.

मग फोन खाली ठेवून ते पाय पोटाशी घेऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि सुरू केलं. "आं, पाणी फिरतंय तोवर मला कुत्रं विचारत नाही, आं?"

काकू हसून हसून खाली बसल्या. काकांनी मात्र शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "पहिला 'आं' तोकडा पडतोय. पुन्हा घे."