धुक्यातल्या बेटावरचे खेडलेकर सर

श्री. वामनराव खेडलेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, त्यांनीच काढलेल्या एका छायाचित्रासमोर. मी तेव्हा गावाकडून नोकरीसाठी दिल्लीत नवा आलो होतो आणि मुनिरकात एका खोलीत राहत होतो. चित्रात ओली वाळू, उंच गवत आणि पांढरे धुके होते. माणूस कुठेच नव्हता, तरी कोणीतरी नुकतेच तिथून उठून गेले असावे असे वाटत होते.

"हे कुठलं?" मी शेजारच्या गृहस्थांना विचारले. तेच खेडलेकर सर होते.

"आपल्या यमुनेतलं. पाणी उतरलं की बेट वर येतं. दरवर्षी थोडी जागा बदलतं."

"आणि इथे कोण बसलं होतं?"

सरांनी माझ्याकडे वळून नीट पाहिले. "तुम्हालाही वाटलं? रविवारी पहाटे या."

तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जातो. सरांनी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात धरणांची आणि पुलांची छायाचित्रे काढण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्यासारख्या हौशी लोकांना नावेत बसवून या बेटावर न्यायला सुरुवात केली. ते शिकवतात फार कमी. आपला कॅमेरा समोरच्याच्या हातात देतात आणि बाजूला उभे राहतात. मी अंधुक, हललेली चित्रे आणत असे, तेव्हा म्हणायचे, "घाई कसली? सूर्य आपल्यासाठी येत नाही, आणि आपल्यामुळे थांबतही नाही." माझ्या गावातल्या मारुतीच्या देवळात पहाटे बसताना जी शांतता मला मिळे, ती या महानगरात मला सरांच्या शेजारी वाळूवर मिळाली.

त्या पहिल्याच वर्षी मला ताप आला. खोलीवर येणारे कोणी नव्हते. तिसऱ्या मजल्यावरचा तो अरुंद जिना चढून सर रोज मुगाची खिचडी घेऊन येत. आजाराबद्दल फारसे विचारत नसत. खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरचे ऊन कुठून कुठे सरकते ते सांगत.

बेटावरून पलीकडच्या काठावरचे स्मशान दिसते. एकदा पहाटे तिथे चिता पेटलेली होती आणि धुके आतून नारिंगी झाले होते. गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करणारा आमचा रोहन लेन्स तिकडे वळवू लागला.

"तिकडे नको," सर म्हणाले.

"सर, लाइट बघा ना यार! आणि किती लांब आहेत, चेहरेपण दिसत नाहीत."

"ते तुला दिसत नाहीत. तू त्यांना दिसत असशील."

रोहनने पलीकडे पाहिले आणि लेन्सवर झाकण लावले. त्या काठाकडे सरांनी आजवर कॅमेरा धरलेला नाही.

आता जी गोष्ट सांगतो, ती आमच्या गटाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. बेटावर आम्ही पांगलेले असू. परत निघायचे झाले की सर मधोमध उभे राहून "या!" अशी हाक मारत आणि सगळे आवाजाच्या दिशेने जमत. ही त्यांनीच लावलेली शिस्त होती. हाक ऐकली की कॅमेरा आवरायचा आणि निघायचे, दुसरा विचार करायचा नाही.

एका जानेवारीत धुके इतके दाटले की स्वतःचे बूट दिसेनात. सरांनी हाक मारली. मी आलो, रोहन आला. आमच्या गटातल्या, बँकेत काम करणाऱ्या मीनलताई आल्या नाहीत. "आले, आले!" असा त्यांचा आवाज मात्र आला. सरांनी पुन्हा हाक मारली. "आले, सर!" या वेळी आवाज जरा लांबून आला. तिसऱ्या हाकेला तो आणखी लांब गेला होता.

"ताई! इकडे!" रोहन ओरडला. सरांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप्प. ऐका."

आमच्या मागून नव्हे, तर मीनलताईंच्याही पलीकडून, पाण्यावरून, रोहनचाच आवाज परत आला. तिकडे, स्मशानाच्या काठाला, जुन्या पुलाचे खांब आहेत. आमच्या आणि ताईंच्या मधल्या उंच गवतात आमची हाक दबत होती आणि खांबांवर आपटून येणारी त्यांना मोठ्याने ऐकू येत होती.

"त्या आपल्याकडे येत नाहीयेत," सर हळूच म्हणाले. "पाण्याकडे जातायत."

त्या बाजूची कड आतून पोखरलेली होती. तिच्यावर पाय पडला की वाळू खचते आणि खाली खोल धार आहे.

"मग थांबा म्हणून ओरडूया ना, सर!" रोहन रडकुंडीला आला होता.

"शब्द पोचत नाहीत, नुसता आवाज पोचतो. आणि इथे आवाज आला की निघायचं, ही सवय मीच लावलीय. आता कोणीही तोंड उघडायचं नाही."

बूट काढून, ट्रायपॉडने वाळू चाचपत सर गवतात शिरले. आम्ही दोघे उभे राहिलो. "सर? कुठे आहात? बोला ना!" मीनलताई विचारत होत्या आणि आम्ही उत्तर देत नव्हतो. रोहनने माझी बाही घट्ट धरली होती. मी मनात देवाचे नाव घेत होतो. मग वाळूचा मोठा थर पाण्यात पडल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

बऱ्याच वेळाने गवत हलले. सर मीनलताईंचे मनगट धरून येत होते. ताई गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या.

"सर, तुम्ही मागून कसे आलात?" त्या विचारत होत्या. "आत्ता तर समोरून 'या' म्हणालात."

"केव्हा?"

"वाळू पडली ना, त्याच्या जरा आधी."

तेव्हा आम्ही तिघेही गप्प होतो. रोहन काही बोलणार, तोच सरांनी मान हलवली आणि ताईंना म्हणाले, "आधी चहा घ्या."

सरांनी ती हाक त्या दिवसापासून बंद केली. आता धुके दाटले की प्रत्येकाने आहे तिथेच बसायचे. सर एकेकाजवळ येऊन खांद्यावर हात ठेवतात. या फेरीत पहाटेचा सगळ्यात चांगला उजेड निघून जातो. ज्या माणसाने आयुष्यभर त्या उजेडाची वाट पाहिली, त्या माणसाला तो उजेड गेल्याची खंत करताना मात्र मी कधी पाहिले नाही.

आता त्यांचे गुडघे दुखतात आणि कानांना यंत्रे लागतात. या हिवाळ्यात धुके आले तेव्हा त्यांनी ती यंत्रे काढून खिशात टाकली.

"अहो सर, मग ऐकू कसं येणार?" मीनलताईंनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारले.

"म्हणून तर काढली. तिकडून कोणी बोलावत असेल तर बसू दे बोलावत."

आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या आणि सरांच्या जरा जवळ सरकून बसल्या.

परमेश्वराकडे माझे एवढेच मागणे आहे, की सरांचे गुडघे बरे राहावेत, नजर अशीच स्वच्छ राहावी, आणि पलीकडचे ते बोलावणे त्यांना अजून पुष्कळ वर्षे ऐकू येऊ नये.