अकोल्याला जायची मोटार

कुठलीही वस्तू एकदा पूर्ण खोलून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं मानणारा माणूस उभ्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामा अमरावतीत दिवाणी वकिली करायचे, आणि नोकरीमुळे मीही तेव्हा तिथंच होतो. घड्याळ मागं पडलं की खोल, कुलूप अडकलं की खोल. शिवणयंत्र तर चांगलं चालत होतं म्हणूनच खोललं. "इतकं चांगलं काहून चालून राहिलं, पाहिलं पाहिजे न," हा त्यावर त्यांचा युक्तिवाद. खोललेलं त्यांना परत जोडता येत नसे, असं मात्र कुणी म्हणू नये. जोडायचे ते सगळं. फक्त जोडून झाल्यावर एखाददुसरा स्क्रू उरायचा, आणि तो कंपनीनं उगाच जास्तीचा बसवला होता हे मामा इतक्या ठामपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला कंपनीची कीव यावी.

अशा माणसाच्या हाती मोटार लागू नये. पण पंचावन्न-छप्पनच्या सुमारास ती लागली. वलगावच्या एका देशमुखांच्या गोठ्यात एक विलायती मोटार बरीच वर्षं कडब्याखाली पडून होती. बैलजोडी जुंपून मामांनी ती घरी आणली, तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत मामांनी त्या सीटला हात लावला नाही. मोटार बघायला सगळी गल्ली लोटली होती. त्या भरात मामा मामीकडे वळून बोलून गेले, "आता तुले माहेरी नेईन तर याच गाडीनं." मामीचं माहेर अकोल्याचं. सकाळच्या पॅसेंजरनं निघावं आणि तिकडे जेवायला पाटावर बसावं, इतकंच दूर. पण मामीनं ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं. तिचे वडील अण्णा, पेन्शनीत निघालेले हेडमास्तर, तेही तसलेच. त्यांनी उलट निरोप धाडला की आता मोटारीनंच ये, त्याशिवाय तोंड दाखवू नको. झालं. मामीचं माहेर बंद. बायका टोचून बोलायच्या, तर म्हणायची, "मी आगगाडीत बसली तर यांचा हात चालेल का त्या इंजिनावर?"

इंजिन मोटारीतून निघालं ते थेट माजघरात आलं. पाटांवर पिस्टन, ताटल्यांत व्हॉल्व्ह, नव्या कोऱ्या परातीत रॉकेल. पंगतच बसली होती म्हणा ना. दसऱ्याला त्या सगळ्यांना झेंडू वाहिला गेला. पक्षकारांना याच पंगतीतून धोतर सावरत वाट काढावी लागे. वरूडचा एक संत्र्याचा बागाईतदार आपल्या बांधाचं भांडण सांगायला आला, तर मामांनी त्याच्या हातात एक व्हॉल्व्ह दिला आणि ऐकता ऐकता घासायला लावला. गडी दुपारभर घासत बसला. जाताना म्हणाला, "वकीलसाहेब, माहं काम तसंच राह्यलं, पण तुमचं झालं." मामांची भाषा तिथंही कोर्टाचीच असायची. अमुक पिस्टन फितूर आहे, तमुक स्प्रिंग जबानी फिरवते. मामीला यातलं काही कळत नसे, पण हातातलं काम टाकून ती कौतुकानं ऐकायची.

शेवटी एकदाचं सगळं जोडून झालं, इंजिन मोटारीत बसलं, आणि नेमकं सूर्यग्रहण आलं. मामा एरवी या गोष्टी मानणारे नव्हेत, पण इंजिनाच्या बाबतीत जोखीम नको म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त धरला. पेट्रोल मात्र आधीच, दुपदरी धोतरातून गाळून टाकीत भरून ठेवलं. मुहूर्ताच्या सकाळी मामीनं मोटारीला कुंकू लावलं, नारळ फुटला आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं. "जवाईबुवा, पहिला मान तुमचा." असं म्हणून त्यांनी माझ्या हातात लोखंडी हँडल दिलं. वऱ्हाडात जावयाचा मान मोठा असतो हे मी ऐकून होतो, तो हात खांद्यातून निखळेपर्यंत फिरवायचा असतो हे त्या दिवशी कळलं. पण इंजिन लागलं. मामांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि मोटार बडनेरा रस्त्याला घेतली. जराशी गेली आणि खोकून बंद पडली. थोडा वेळ थांबून हँडल मारलं तर मुकाट सुरू झाली, जराशी गेली, पुन्हा बंद.

मग हे रोजचंच होऊन बसलं. मामांनी कार्बुरेटर खोलला, पंप खोलला, प्लग मामीच्या चुलीवर भाजून काढले. मोटार आपली जराशी जायची आणि मध्येच जीव टाकायची. मामा अख्खं इंजिन पुन्हा उतरवायच्या बेतात होते, तेवढ्यात एका सकाळी अकोल्याहून निरोप आला. अण्णांनी अंथरूण धरलं होतं. मामीनं निरोप आणणाऱ्याला चहा दिला, कप विसळला आणि हळूच म्हणाली, "मी उद्याच्या पॅसेंजरनं जाते म्हणते. तुमी मनाले लावून घेऊ नका." भर कोर्टात समोरच्याला पुरून उरणारा हा माणूस मान खाली घालून मोटारीकडे निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

दुपारी मामांनी उरलीसुरली एकच वस्तू खोलली, पेट्रोलची टाकी. ती स्वतः घासूनपुसून बसवलेली, म्हणून तिच्यावर त्यांनी संशयच घेतला नव्हता. नळी काढून पेट्रोल परातीत सोडलं, तर धार लागली आणि थांबली. तार घातली, पुन्हा धार, पुन्हा थांबली. मग टाकी उलटी केली. परातीत काळीमिट्ट पानं आणि मंजिऱ्या तरंगू लागल्या.

"हे काय हाय?" मामांनी विचारलं.

"तुळस," मामी म्हणाली.

"पेट्रोलमधी कोणं टाकली?"

"मीनं. ग्रहण नव्हतं का? पाण्यात टाकली, दुधात टाकली, लोणच्यात टाकली. तुमी एवढं जिवापाड जपलेलं, त्याले तसंच ठेवू?"

मामा मटकन पाटावर बसले. मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "अन् रेडिएटरमधी?"

"त्यात जास्त टाकली. तिथं पाणीच होतं न."

मामा हसायला लागले ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसेपर्यंत. "साऱ्या इंजिनाची उलटतपासणी घेतली जवाईबुवा, अन् आरोपी सैपाकघरात वरण ढवळून राहिला." मामीला आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत पटलं नाही. ग्रहण ते ग्रहण.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरच्याच वेळेला आम्ही मोटारीनं निघालो. मागं मामी, पुढं मामा, आणि शेजारी हँडल मांडीवर घेऊन मी. मूर्तिजापूरला चहा घेतला तोही गाडीत बसूनच, कारण इंजिन बंद करायची मामांची छाती झाली नाही. अकोल्यात गल्लीच्या तोंडापासून त्यांनी जो भोंगा धरला तो दारापर्यंत सोडला नाही. अण्णांनी तो आतून ऐकला आणि बाहेर न्यायचा हट्ट धरला. दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. मोटार थरथरतच होती. अण्णांनी मडगार्डवर हात ठेवला आणि मामीला विचारलं, "बाई, बसून आली न?" मामी खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिच्या केसांवरून हात फिरवत अण्णा मामांना म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीले शब्द देला तो पाळला तुमी." पुढं अण्णा फार दिवस राहिले नाहीत.

त्या दिवशी अण्णांच्या दारात इंजिन इतकं सुरेख चाललं होतं की ते आणखी सुधारणं कुणालाही जमलं नसतं. तरी मामा समोर गेले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. मला म्हणाले, "जवाईबुवा, पाना द्या जरा." मी पाना दिला. तो हातात धरून ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. एकही नट त्यांनी पिळला नाही.