चाचांची टिचकी

फुटबॉल मांडीवर घ्यायचा, कान जवळ न्यायचा, मधल्या बोटाने तीन टिचक्या मारायच्या आणि डोळे मिटून म्हणायचं, "थांबा. अजून बोलंना झालाय." मग पंपाचे दोन झटके, पुन्हा तीन टिचक्या. "हां. आता बोलतोय."

चाचांचं हे सोंग मी अठरा वर्षं पाहिलं. 'सोंग' हा शब्द माझ्या पोटदुखीचा आहे, तेवढा पदरात घ्या.

चाचा मिरजेत तंबोरे बनवायचे. भोपळ्यावर टिचकी मारून तो किती वाळलाय, कुठे पातळ राहिलाय हे सांगायचे. मी सांगलीत शाळेवर खेळाचा मास्तर आणि आमच्या फुटबॉल क्लबाचा प्रशिक्षक. परदेशात दोन थोरल्या शहरांचे क्लब भिडले की म्हणे सबंध देशात दोन तट पडतात. आमच्या जिल्ह्यात थोरली शहरं दोनच, सांगली आणि मिरज. महापालिका एक आहे, पण वर्षातून एकदा होणाऱ्या त्या सामन्याच्या आठवड्यात सांगलीची सून मिरजेच्या माहेराला फोन करायचा झाला तरी जपून करते.

या सामन्याचा चेंडू कुठल्याच क्लबाने भरायचा नाही, असा जुना रिवाज. मागे कधीतरी हवेवरून डोकी फुटली होती. म्हणून सामन्याच्या सकाळी दोन्ही कप्तान एक खेळायचा आणि एक राखीव असे दोन चेंडू घेऊन चाचांच्या दुकानात जायचे. चाचा ते भरायचे, पारखायचे, तंबोऱ्याच्या जुन्या कापडी गवसणीत घालायचे आणि सायकलला अडकवून स्वतः मैदानावर आणायचे. मध्ये कुणी हात लावायचा नाही.

आता मला सांगा, पहाटे साडेपाचला शिट्टी फुंकून पोरांना पळवायचं मी, त्यांचे गुडघे शेकायचे मी, त्यांच्या आयांची बोलणी खायची मी. आणि चाचांची सायकल फाटकातून आत आली की माझीच पोरं मला सोडून तिकडे धावायची. आमचा कप्तान पेनल्टी मारण्याआधी रेषेबाहेर बसलेल्या चाचांकडे बघायचा. एकदा पेपरात सामन्याचा फोटो आला. मधोमध चाचा, मांडीवर चेंडू, आणि कडेला माझं कोपर. बायकोने तो कापून कपाटावर चिकटवला. म्हणाली, कोपर छान आलंय तुमचं.

बरं, माणूस मिरजेचा असून मिरजेची बाजू घ्यायचा नाही. घेतली असती तर मला किती सोपं गेलं असतं. मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

ओळीने तीन वर्षं आम्ही हरलो. लोक मला हसू लागले आणि मला ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. मी पुण्याहून हवा मोजायचा काटा मागवला. सामन्याच्या दिवशी दोन्ही संघ, पंच आणि अख्खं मैदान यांच्यासमोर काटा दाखवत मोठ्याने म्हणालो, यंदा टिचकी नको, मोजून बघू.

चाचा हसले. "मोजा की मास्तर. काटा कशाला खोटं बोलंल?"

पहिला चेंडू पार मऊ निघाला. राखीव दगडासारखा टणक. पंचाने दोनदा मोजलं.

मग आमच्याच बाजूने कुणीतरी म्हणालं की म्हातारा इतकी वर्षं मिरजेला सोयीचा चेंडू जमवून देत होता. चाचांनी तो मऊ चेंडू घेतला, टिचकी मारली, कानाशी नेला. मग दुसऱ्या कानाशी नेला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काटा बरोबर हाय, मास्तर." रिकामी गवसणी काखेत मारून ते सायकल हातात धरून चालत गेले.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सुख मिळालं, आणि त्या खांद्यांवरूनही माझी नजर फाटकाकडेच जात होती. दुसऱ्या कानाशी का नेला, हे काही डोक्यातून जाईना.

आठवड्याने मी मिरजेला गेलो. दुकानात चाचा पाठमोरे बसले होते. मी दोनदा हाक मारली, ते वळले नाहीत. पुढे होऊन पाहिलं, तर तंबोऱ्याची दांडी त्यांनी दातांत धरली होती आणि एका हाताने तार छेडत होते. मला बघून त्यांनी सावकाश दांडी सोडली.

"दातानं ऐकू येतंय अजून," म्हणाले. "तंबोरा लाकडाचा हाय, हाडात उतरतो. तुमचा फुटबॉल रबराचा. त्यो कसा दातात धरू?"

मी कानाशी वाकून मोठ्याने म्हटलं, मग त्या दिवशी सांगायचं होतं. लोक तुम्हाला चोर म्हणतात.

"म्हनू द्यात. चोराकडनं तंबोरा घेतील. बहिऱ्याकडनं कोन घेतंय? मी हाय तवर पोटात ठेवा, मास्तर."

मी हळू आवाजात माफी मागितली. ती त्यांना ऐकू गेली की नाही, कोण जाणे. त्यांनी चहा सांगितला. खरं सांगतो, तिथे बसल्या बसल्याही मला त्यांचा हेवाच वाटला. माझा एका फोटोसाठी जीव जळत होता आणि या माणसाने हातातलं काम टिकावं म्हणून सगळं नाव ओवाळून टाकलं होतं.

पुढची चार वर्षं काटाच चालला. चाचा मैदानात आले नाहीत. कुंपणाबाहेर सायकलला टेकून उभे असायचे आणि सामना संपायच्या आत निघून जायचे. मी बघायचो, आणि दिलेला शब्द पाळायचो. तो पाळणं मला सोयीचंही होतं, हे कबूल केलेलं बरं.

चाचा गेल्या वर्षी गेले. दुकानाला कुलूप आहे, तो धंदा पुढे करणारं घरात कुणी नाही. यंदाच्या सामन्याआधी मी पंचाकडून माईक मागून घेतला. चाचांनी कधी कुणाला चेंडू जमवून दिला नाही, त्यांचा कान गेला होता, आणि त्यांना चारचौघांत चोर ठरवणारा मी होतो, एवढं सांगितलं.

आधी मिरजेची बाजू उठली, मग सांगलीची. टाळ्या थांबेचनात. मी मध्यरेषेवर चेंडू काखेत धरून उभा होतो. आजवर माझ्या कुठल्याही विजयाला त्या मैदानाने अशा टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि याही माझ्यासाठी नव्हत्या. पोटात जुनी कळ उठली. या खेपेला मी ती उठू दिली, आणि चेंडू खाली ठेवून मीही टाळ्या वाजवू लागलो.