दवाखान्याचं उघडं दार

मी इंग्लंडला निघालो त्या दिवशी नांदुऱ्याच्या फलाटावर वहिनी डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून खोकत होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. गाडी हलली तशी हसली, "बापू, तिकडल्या गोरीले भाकर थापता येते का, ते पहिले पाह्यजा." तिचं मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

त्याच आठवड्यात दादा आणि मी तिला वडनेरहून छकड्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर नवा, कॉलेजातून थेट आलेला, स्वभावानं गरीब. त्यानं विचारलं तिला, उत्तर दिलं दादानं. "खोकला हाय साहेब, बाकी काही नाही." आमच्याकडे बाईचं दुखणं घरचा पुरुषच सांगतो, ती खाली पाहत उभी राहते. डॉक्टरनं लाल औषधाची बाटली दिली. आम्ही हात जोडले.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. इंग्लंडात एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात झाडलोट करतो. त्यांनी थारा दिला, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. उद्या काढून टाकतील ही धास्तीही रोज असते. इथं पास झालेला डॉक्टरसुद्धा वर्षभर अशा जुन्या डॉक्टरशेजारी खुर्ची टाकून बसतो, त्यांच्यासोबत घरोघर हिंडतो. एकदा एक नवरा बायकोचं दुखणं सांगत होता. म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला गोडीनं बाहेर पाठवलं आणि दार लावता लावता ते शिकाऊ पोराला म्हणाले, "त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. आता तिला विचार." दार लागायच्या आत मला एवढं ऐकू आलं. हातातला झाडू तसाच राहिला.

कारण तोवर वहिनी गेली होती. मागाहून पत्रातून कळलं, थुंकीतून रक्त पडत होतं, ते शेजारच्या बायकांना ठाऊक होतं, दादाला नाही. क्षयाला इंजेक्शनं निघाली होती. पुस्तकं आमच्या डॉक्टरनंही हीच वाचली असतील. त्याच्या शेजारी मात्र कोणी बसलं नव्हतं. तोही बदली घेऊन गेला. आता दुसरा आलाय, तसाच, थेट कॉलेजातून.

दादा अजून पत्रात विचारतो, "ते मले काऊन बोलली नाही बे?" मी दर वेळी उत्तरात पीकपाण्याचं विचारतो.

इथं नवऱ्याला बाहेर पाठवलं की मीच त्याला खुर्ची देतो. तो अवघडून बसतो, अगदी दादासारखा. गाव आठवायला गेलो की शेत दिसत नाही, घर दिसत नाही. दिसतं ते त्या दवाखान्याचं दार, सताड उघडं, आणि आत आम्ही पुरुषच बोलतोय.